फिल्म उचलणारा हात

रॅप फिल्मचा तळहाताएवढा उरलेला तुकडा घ्यावा, दोन्ही हातांनी ताणून लांब करावा आणि त्यावरून हीट गनची झळ फिरवावी. बघता बघता तो आक्रसतो आणि जवळजवळ पहिल्या मापाचा होतो. ताणल्याच्या खुणाही पुसल्या जातात. गाडी रॅप करायला शिकणाऱ्याने स्क्वीजी, म्हणजे फिल्म घोटून बसवायची पट्टी, हाती घेण्याआधी हा तुकडा खेळवून पाहावा. या कामात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या आक्रसण्यामुळे बिघडतं; आणि जे साधतं, तेही त्याच्याच जोरावर.

ही फिल्म पीव्हीसीची, म्हणजे व्हिनाइलची. पीव्हीसी हा मुळात कडक पदार्थ. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ साली तो मऊ करण्याची रीत शोधली आणि पुढे रेनकोटापासून वायरच्या वेष्टनापर्यंत तो सगळीकडे पोचला. पूर्ण गाडीचा रंग बदलण्यासाठी त्याची फिल्म वापरण्याची पद्धत रुळली, त्यात जर्मनीतल्या टॅक्सींचा मोठा वाटा आहे. तिथे १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा होता. टॅक्सी विकायला काढली की हाच रंग आडवा यायचा. १९९३ मध्ये केपीएमएफ या ब्रिटिश कंपनीने रंगाऐवजी लावता येईल अशी फिल्म तयार केली. धंदा चालू असेपर्यंत फिल्म, विकताना ती सोलायची आणि खालचा मूळ रंग गिऱ्हाइकाला दाखवायचा.

महाराष्ट्रात व्हिनाइलची ओळख झाली ती रेडियमच्या दुकानांतून. रिक्षाच्या मागच्या बाजूचं मुलाचं नाव, बुलेटच्या टाकीवरची पट्टी, टेम्पोच्या कपाळावरचं देवाचं नाव ही सगळी त्याच दुकानातली कटिंग. रेडियमवाला काचेवर साबणाचं पाणी फवारतो, स्टिकर त्यावर सरकवत जागेवर आणतो आणि पाणी घोटून बाहेर काढतो. सपाट जागेवर ही रीत उत्तम चालते. पूर्ण गाडीची फिल्म मात्र कोरडी लावतात. तिच्या चिकट थरात हवा निसटावी म्हणून अतिशय बारीक चरांचं जाळं असतं. पाणी त्यात शिरलं की अडकून बसतं आणि पकड कच्ची राहते. रेडियमच्या कामात वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसालाही इथे फवाऱ्याची बाटली बाजूला ठेवावी लागते.

विकत घेताना एका गोष्टीवर अडून बसावं: फिल्म कास्ट हवी. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांमधून लाटून पातळ केलेली असते, त्यामुळे तिच्यात ओढल्याचा ताण आधीपासूनच असतो आणि उन्हातान्हात ती हळूहळू मागे सरकते. कास्ट फिल्म द्रवरूपात पसरून भट्टीत पक्की करतात. तिला कुणी ओढलेलंच नसतं. कॅलेंडर्ड फिल्म बहुधा ७५ ते १०० मायक्रॉनची, कास्ट सुमारे ५० मायक्रॉनची. जाड ती टिकाऊ हा बाजारातला हिशेब इथे उलटा पडतो. पाटीवर जाड फिल्म चालेल, आरशाच्या गोलाईवर ती कड सोडणार. थ्रीएमची २०८० किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म महाग वाटते, पण घरी पहिल्यांदा काम करणाऱ्यालाच चांगल्या फिल्मची जास्त गरज असते, कारण ती उचलून पुन्हा लावू देते. दीड मीटर रुंदीच्या रोलमधली साधारण पंधरा मीटर फिल्म स्विफ्टएवढ्या गाडीला लागते.

रंगाच्या बाबतीत दोन गोष्टी. आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणून पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करून नोंदीचं पाहावं. आणि ऑलिव्ह ग्रीन कितीही देखणा दिसला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे.

पुण्यातल्या सोसायटीचं खालचं पार्किंग या कामाला चालतं, पण हंगाम पाहावा लागतो. वीस-पंचवीस अंश तापमान सगळ्यांत सोयीचं, म्हणजे दिवाळी उलटल्यावरचे दिवस. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की फिल्म टेकताक्षणी घट्ट धरते. पावसाळ्यात कडांच्या खाचांमधला ओलावा हटत नाही. फरशी झाडून पाणी मारावं, पंखा बंद ठेवावा. केसापेक्षाही पातळ फिल्मखाली धुळीचा एक कण राहिला तरी तो उन्हात फोडासारखा उठून दिसतो.

गाडी धुऊन, क्ले बारने घासून झाली की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. दर्शनी भाग सगळेच नीट पुसतात. कसोटी लागते ती दरवाज्याच्या आतल्या कडेला, चाकावरच्या कमानीच्या ओठाखाली आणि हँडलच्या मागे, कारण फिल्म संपते तिथेच, आणि उचकटते तीही तिथूनच. एखादा दरवाजा गॅरेजमध्ये लांबी भरून पुन्हा रंगवलेला असेल तर ते आधी माहीत हवं. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांना भाजला जातो. गॅरेजच्या रंगाला एवढी उष्णता मिळत नाही. असा रंग पुढे फिल्म सोलताना तिच्याबरोबर निघून येऊ शकतो.

बॉनेटला दोन माणसं लागतात. मागचा कागद निघाला की चारी कोपरे चार हातांत, दोघी मिळून धुतलेल्या साडीची घडी घालतात तशी फिल्म मधोमध झोळ न ठेवता धरायची आणि अलगद टेकवायची. "सोड... अजून थोडं... बास, आता धर." फेल्ट लावलेली स्क्वीजी मधून बाहेर, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर निम्मा चढवत न्यायची. बॉनेट जमलं की हुरूप येतो. मग माणूस आरशाकडे वळतो, आणि खरी विद्या तिथे लागते.

आरशाचं कवच सगळीकडून वळलेलं. फिल्म गरम करून त्यावर पसरली की वरचा भाग काचेसारखा नितळ बसतो, पण खालच्या कोपऱ्याशी जास्तीची फिल्म गोळा होते आणि बोटांएवढ्या सुरकुत्या उभ्या राहतात. हात आपोआप त्या दाबायला जातो. दाबल्यावर सुरकुतीची घडी पडते, घडीत हवा अडकते, आणि ती कड लवकरच तोंड उघडते. जाणता हात उलट करतो. सुरकुतीच्या बराच मागे, म्हणजे फिल्म नीट बसली आहे तिथपर्यंत जाऊन तो ती उचलतो. हीट गन लांबून फिरवतो. फिल्म आक्रसून सपाट होते, सुरुवातीच्या तुकड्यासारखीच. मग तो ती दोन्ही बाजूंना रुंद पसरत ओढतो, म्हणजे ताण एका कोपऱ्यात न साचता सगळीकडे वाटला जातो, आणि पुन्हा टेकवतो. हे तीनदा करावं लागलं तरी चालेल. हे उचलणं चुकीची दुरुस्ती नव्हे, ते कामाचंच अंग आहे. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की काम मागे चाललंय.

बंपरवरच्या फॉग लॅम्पच्या खोबणीत एकच तुकडा कोंबण्याचा हट्ट धरू नये. खोबणीत आधी वेगळा तुकडा बसवावा, मोठा तुकडा त्याच्या कडेवर थोडा चढवावा आणि जोड बॉडी लाइनवर आणावा. घरच्या कामात तोच शहाणपणा. कापायलाही पत्र्यावर ब्लेड चालवण्यापेक्षा नाइफलेस टेप बरी. तिच्यातला धागा ओढला की फिल्म कापली जाते आणि मूळ रंगावर ओरखडा येत नाही.

शेवटी ताणलेली प्रत्येक जागा, खास करून कडा आणि खोलगट भाग, सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवायची, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. या उष्णतेने फिल्म नव्या आकारात स्थिर होते, तिचा मागे सरकण्याचा ओढा मावळतो. थकलेला माणूस नेमका हाच टप्पा उरकून टाकतो, कारण गाडी तर आधीच पूर्ण झालेली दिसत असते.

पुढचे काही दिवस गाडी धुवायची नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात आरशांच्या खालच्या कडा, दरवाज्यांचे कोपरे आणि बंपरची टोकं बोट फिरवून तपासायची. कुठे कड सुटलेली हाताला लागली तर अंगठ्याने दाबून निघून जायचं नाही. थोडं गरम करून ताण जिथे साचला आहे तिथपर्यंत ती उचलायची, खालची जागा अल्कोहोलने पुसून वाळू द्यायची, फिल्म सैल टेकवायची आणि थर्मामीटर समोर धरून तो कोपरा पुन्हा शंभर अंशांवर न्यायचा.