विश्वामित्रीच्या काठावरचं ऊन

बडोदा, जानेवारी

प्रिय वसुधा,

टोरोंटोच्या थंडीत सारखी भूक लागते, असं लिहिलंस ना? आमच्या विश्वामित्रीतल्या मगरींचं नेमकं उलट आहे बघ. गारठा पडला की त्यांचं खाणंच सुटतं.

बाहेर बर्फ असला तरी आपलं अंग ३७ अंशांवरच राहायला हवं, म्हणून जेवणाचा मोठा वाटा त्या उबेतच खर्ची पडतो. मगर ऊब बाहेरून घेते. त्यामुळे तिच्याएवढ्या वजनाच्या सस्तन प्राण्याला लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तिचं भागतं. एकदा पोटभर मिळालं की कित्येक आठवडे चिंता नाही. मात्र अंग गार असताना खाल्लेलं पचत नाही, पोटात सडू शकतं. म्हणून आधी ऊन, मग जेवण!

सध्या काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून पाहिलंस, तर ऊन चढल्यावर मगरी काठावर पसरलेल्या दिसतात. पाठीवरच्या हाडांच्या ढालींमधून रक्तवाहिन्या जातात, त्या ऊन शोषून अंगभर पोचवतात. फार तापलं की मगर जबडा उघडून पडून राहते. बघणारे घाबरतात, पण तोंडातला ओलावा उडून डोकं थंड राहावं, यासाठी ते असतं. उन्हाळ्यात तर ती काठात बीळ खणून आत बसते.

अंडीही त्याच मातीत. आणि गंमत म्हणजे पिल्लू नर की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं! ३० अंशांच्या आसपास माद्या, साडेबत्तीसच्या सुमाराला बहुतेक नर.

ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा सगळ्या देशाने बडोद्याकडे पाहिलं. त्यानंतर नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं. पुराचा त्रास आम्हीही सोसलाय, त्यामुळे त्याची गरज कळते. पण काठाला सिमेंट लागलं, तर शेकायची जागा, बीळ आणि घरटं ही तिन्ही एकदमच जातील गं. इतकं कमी खाऊन भर शहरात टिकलेल्या जनावराला उन्हातला मातीचा काठ तेवढा हवाय. तो राखलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे नद्यांचे काठ कसे सांभाळतात, सविस्तर लिही.

तुझी,
मीनल