निघण्यापूर्वीचे दिवस

घरांतील मूल परदेशीं शिकावयास जाणार असें एकदां ठरलें, कीं त्या घराचें पंचांगच बदलतें. तिथि, वार, सण हे मागें पडतात आणि "आतां किती दिवस राहिले?" ही एकच गणना सर्वांच्या तोंडीं होते. गेल्या माघांत आमच्या घरीं असेंच झालें. आमची पुतणी जर्मनींतील एका विश्वविद्यालयांत भाषाशास्त्र शिकण्यास जावयाची होती. तेथील सत्र एप्रिलांत सुरू व्हावयाचें, तेव्हां फाल्गुनांत निघणें प्राप्त होतें. ती गेली, पोंचली, आतां रुळलीही. हा वृत्तांत आम्हीं आप्तेष्टांस पुष्कळदां सांगितला आहे. परंतु निघण्यापूर्वीच्या त्या दीड महिन्यांत आमच्या हातून जें घडलें, तें मात्र कोणासच सांगितलेलें नाहीं. तें आज येथें सांगावें असें मनांत आहे.

परदेशीं जाणाऱ्या मुलाचे दिवस कसे जातात याविषयीं लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. प्रत्यक्षांत ते दिवस अगदीं साधे असतात. ही मुलगी पहांटे पांचास उठे, खिडकीपाशीं बसून अर्धा तास जर्मन भाषेचे धडे म्हणे, मग आजीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घाली. तुळशीला पाणी, चुलत भावंडांचीं गणितें, दुपारीं कोठल्याशा कचेरींतून कसलासा दाखला, संध्याकाळीं काकूजवळ बसून गोळाभात शिकणें, असा तिचा क्रम होता. तिच्या वागण्यांत निघण्याची घाई कोठें दिसत नव्हती. घाई होती ती आम्हां बाकीच्यांना.

ती घाई सगळी तिच्या बॅगेंत जाऊन पडे. तेवीस किलोंपेक्षां अधिक वजन विमानांत न्यावयाचें नाहीं, असा नियम. आमचें गोंदिया हें भातगिरण्यांचें गांव. तेव्हां धानाचीं पोतीं ज्या काट्यावर चढतात, त्याच काट्यावर ती बॅग दर दोन दिवसांनीं चढूं लागली. मातोश्रींनीं मेतकूट, भाजणी आणि सांडगे भरले. आमच्या सौभाग्यवतीनें लोंकरीचे तीन स्वेटर आणि लोणच्याची बरणी घातली. धाकट्या चिरंजीवांनीं आपला क्रिकेटचा चेंडू गुपचूप कोपऱ्यांत सारला. रात्रीं सर्वत्र सामसूम झाली म्हणजे ती हळूच निम्म्या वस्तु काढून कपाटांत ठेवी, आणि सकाळीं त्या पुन्हां बॅगेंत आलेल्या असत. एकानें भरावें आणि दुसऱ्यानें उपसावें, असें हें काम कित्येक दिवस चाललें होतें. पण त्याविषयीं कोणीं कोणाला एक शब्द बोललें नाहीं.

मातोश्रींचें वय शहाऐंशी. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र त्यांनीं लहानपणीं वाचलेलें. त्यामुळें परदेशचें शिक्षण म्हटलें, कीं त्यांच्या डोळ्यांपुढें तीच मुलगी उभी राही. "अठराव्या वर्षीं गेली, आणि परत आली ती मरायलाच," हें वाक्य त्या महिन्यांत आम्हीं किती वेळां ऐकलें असेल! वस्तुस्थिति नाकारतां येण्यासारखी नव्हती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं भरसभेंत उभें राहून आपण अमेरिकेस कां जातों तें सांगितलें. ७ एप्रिलला नवऱ्यास मागें ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

एके दिवशीं थेंब घालतां घालतां पुतणी म्हणाली, "आजी, ती शिकायला गेली म्हणून गेली नाहीं ग. क्षयानें गेली. त्याचा जंतु ती निघण्याच्या आदल्याच वर्षीं, १८८२ सालीं, सांपडला होता; पण औषध निघायला पुढें साठ वर्षें लागलीं. आतां औषध आहे."

"जंतु कोणीं शोधला?" मातोश्रींनीं डोळे मिटल्यामिटल्या विचारलें.

"रॉबर्ट कॉखनें. जर्मन होता."

मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरें, मग जा. पण कानाला फडकें बांधीत जा."

शहाऐंशीव्या वर्षीं त्यांनीं जें इतक्या सहज केलें, तें आम्हांस साधलें नाहीं. आतां मूळ गोष्टीकडे वळतों.

आमचे धाकटे बंधु नऊ वर्षांपूर्वीं वारले. तेव्हांपासून ही मुलगी आमच्याच मांडीवर वाढली म्हटलें तरी चालेल. तिच्या शिक्षणासाठीं बँकेकडून कर्ज काढावयाचें होतें, आणि त्यास जामीन म्हणून आमची सही हवी होती. छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत शिकविलें. "बाहेर पडा, जग पहा" असा उपदेश वर्गावर्गांतून केला, निरोपसमारंभांत त्यावर भाषणें केलीं, लोकांच्या मुलांना शिफारसपत्रें दिलीं. तरी तो कागद समोर आला तेव्हां आम्ही म्हणालों, "ठेवून जा, नीट वाचून सही करतों." पहिल्या दिवशीं चष्मा सांपडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं अमावास्या होती. तिसऱ्या दिवशीं पुन्हां चष्मा सांपडला नाहीं. असा पंधरवडा लोटला.

मध्यें एकदां आम्हीं वादही घालून पाहिला. तिला अभ्यास करावयाचा होता तो गोंडी भाषेचा. २०११ च्या शिरगणतींत ही भाषा आपली म्हणून सांगणारे लोक सुमारें ३० लाख होते, आणि त्यांतले कित्येक आमच्याच जिल्ह्यांत राहतात. भोंवतालीं मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी असतां ही भाषा कुळानें तेलुगु-कानडीची बहीण! "मग ती शिकायला जर्मनींत कशाला जातेस? सालेकशाला जा," असें आम्ही म्हणालों. ती हंसून म्हणाली, "काका, घरांतल्या घड्याळाची टिकटिक घरांतल्यांना ऐकूं येत नाहीं. ऐकायचें कसें, तें शिकायला जातें आहें. ऐकायला इथेंच येईन." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. उत्तर नव्हतें म्हणून आम्ही रागावलों.

खरें कारण घड्याळांत नव्हतें आणि चष्म्यांतही नव्हतें. बंधु गेल्यावर घराला जी शांतता आली होती, ती या मुलीच्या हंसण्याबोलण्यानें दूर झाली होती. ती पुन्हां येईल, याचें आम्हांस भय वाटत होतें. परंतु असें भय मनुष्य उघड बोलून दाखवीत नाहीं. तो सही लांबवितो.

माघी पौर्णिमा जवळ आली तशी ती म्हणाली, "मी यात्रेला कचारगडास जाणार आहें." तिच्या कॉलेजांतील एका मैत्रिणीचें घर डोंगराच्या पायथ्याशीं, धनेगांवीं. घरांत एकच गिल्ला झाला. प्रवास तोंडावर आला असतां जंगलांत जावयाचें, डोंगर चढावयाचा, पाय मुरगळला तर? मातोश्रींनीं निकाल दिला, "जाऊं दे तिला. पण एकटी नको." सेवानिवृत्त माणूस घरांत एकच असल्यामुळें आमची नेमणूक झाली.

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या गाडींत आम्ही बसलों. आमगांव आलें तेव्हां आम्हांला शिकविण्याची जुनी खोड आवरली नाहीं. येथून जवळच पद्मपूर आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं भवभूतीचें पद्मपूर तें हेंच, असें प्रतिपादिलें आहे. आठव्या शतकांत विदर्भांतील हा ब्राह्मणपुत्र कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरीं जाऊन राहिला. रस्ते नाहींत, टपाल नाहीं. त्या काळचें कनोज आजच्या जर्मनीहून दूर, वगैरे आम्हीं सांगितलें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि शेवटीं विचारलें, "काका, त्याला जामीन कोण राहिलें असेल?"

आम्ही खिडकीबाहेर पाहूं लागलों.

दरेकसा स्टेशनावर अर्धी गाडी रिकामी झाली. पिवळे फेटे, पिवळे गमछे, डोक्यावर गांठोडीं, कडेवर मुलें, असा लोकांचा लोंढा धनेगांवाकडे चालला होता. मध्यप्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेले गोंड बांधव भेटतांच एकमेकांस "जय सेवा" म्हणत. आम्हांलाही तसेंच म्हणत, आणि आम्हीही हात जोडून तेंच म्हणूं लागलों. डोंगर चढून गुहेपाशीं पोंचेपर्यंत आम्हांस तीनदां बसावें लागलें. आंत गेल्यावर मात्र बोलणें आपोआप थांबलें. एवढी प्रचंड गुहा, कीं शेंकडों माणसें आंत असूनही ती भरल्यासारखी वाटत नव्हती. बाहेर ढोल वाजत होते, त्यांचा नाद खडकांतून पायांना कळत होता.

मैत्रिणीची आजी यात्रेस आली होती. एका दगडावर बसून तिनें कचारगडची कथा गोंडींत सांगितली, मैत्रिणीनें ती मराठींत उलगडली, आणि आमची पुतणी दोन्ही वहींत उतरवून घेत होती. गोंडी भाषा आणि धर्मकथा यांसाठीं डॉ. मोतीरावण कंगाली यांनीं आयुष्य वेंचलें, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. परंतु कथा कानानें ऐकण्याचा तो पहिलाच प्रसंग. गोंडांच्या श्रद्धेप्रमाणें कली कंकालीचीं तेहतीस मुलें या गुहेंत कोंडलीं गेलीं आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा बसली. आई बाहेर आक्रोश करीत राहिली. पुढें पारी कुपार लिंगो याला त्या मुलांची कणव आली. हिरासुका पाटालीर नांवाचा वादक त्यानें बरोबर आणला. त्याच्या वाद्याचा नाद आंत पोंचला, मुलांच्या अंगीं बळ आलें, आंतून मुलांनीं आणि बाहेरून या दोघांनीं जोर केला, आणि शिळा गडगडत खालीं गेली. मुलें सुटलीं. लिंगोनें त्यांस विद्या दिली. हिरासुका मात्र त्या शिळेखालीं सांपडून मेला.

कथा संपवून म्हातारीनें आमच्या पुतणीच्या पाठीवरून हात फिरविला आणि आमच्याकडे पाहून कांहीं विचारलें. मैत्रिणीनें सांगितलें, "आजी म्हणते, ही तुमची मुलगी का?"

आम्ही म्हणालों, "होय." पुतणी हा शब्द त्या क्षणीं तोंडांत आला नाहीं.

"दूर जाते म्हणे. हिला कोणीं सोडलें?"

म्हातारीच्या विचारण्यांत कसलाही डाव नव्हता. स्टेशनवर पोंचवायला कोण जाणार, एवढेंच कदाचित् तिला विचारावयाचें असेल. पण ढोल वाजत होते, पुढें गुहेचें उघडें तोंड होतें, आणि घरीं टेबलाच्या खणांत एक कागद पंधरा दिवस पडून होता. आजवर आम्ही स्वतःस त्या मुलीचा आधार समजत होतों. वादक होण्याचें धैर्य अंगीं नव्हतें, हें एक वेळ चाललें असतें; परंतु आम्ही शिळाच होऊन बसलों होतों. आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. म्हातारीनेंही पुन्हां विचारलें नाहीं. तिनें आमच्या हातावर गूळ ठेवला.

परतीच्या गाडींत गर्दी बेताची होती. सालेकसा मागें पडलें. पुतणी वही चाळीत होती. तिनें वर न पाहतां विचारलें, "काका, चष्मा सांपडला का हो?"

आम्हीं हात वर नेला. चष्मा नाकावरच होता. सकाळपासून तो तेथेंच होता. त्याच चष्म्यानें आम्ही तिला पद्मपुराची दिशा दाखविली होती.

ती हंसली नाहीं. तिनें वहींतून बँकेचा कागद काढून आमच्या मांडीवर ठेवला. तो तिनें खणांतून केव्हां घेतला, हें आम्हीं विचारलें नाहीं. गाडी हलत होती. सही इतकी वांकडी आली, कीं ती आमचीच आहे हें सांगण्यास पुढें आम्हांला स्वतः बँकेंत जावें लागलें. कागद परत घेतांना ती एवढेंच म्हणाली, "मला ठाऊक होतें, तुम्ही करणार म्हणून. कधीं करणार, तेवढें ठाऊक नव्हतें."

फाल्गुनांत ती विदर्भ एक्सप्रेसनें मुंबईस गेली आणि तेथून पुढें. शेवटच्या खेपेस काट्यावर बॅग साडेबावीस किलो भरली. अर्ध्या किलोची जागा उरली होती, पण त्या दिवशीं कोणींच कांहीं भरलें नाहीं. ती गेल्यावर कपाट उघडलें तों एक स्वेटर, सांडगे आणि लोणच्याची बरणी तेथेंच होती. मेतकूट नव्हतें, आणि चेंडूही नव्हता.

घरांत शांतता आली. ती येणारच होती. परंतु आम्हीं कल्पिली होती तितकी मोठी नाहीं. मातोश्रींच्या पलंगाजवळ भिंतीवर एक कागद चिकटविलेला आहे. कोणत्या बाटलीचे किती थेंब, कोणत्या डोळ्यांत, किती वाजतां, हें तिनें जाण्यापूर्वीं ठळक अक्षरांत लिहून ठेविलें आहे. तें काम आतां आमच्याकडे आलें आहे. पहांटे उठावें लागतें, आणि चष्मा लावल्यावांचून तें होत नाहीं.