कोवळ्या ज्वारीचं विष

आपल्या पिढीला ज्वारी माहीत असते ती भाकरीपुरती. मलाही तेवढीच होती. मी बेळगावात दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस. शेती अथणीकडे, काका बघतात. गेल्या ऑगस्टमध्ये पावसाने ३ आठवडे ओढ दिली. गावी गेलो तर हातभर वाढलेली ज्वारी वाळून चालली होती, निदान मला तसं वाटलं. काका म्हणाले, "वाळली नाही रे, थांबलीय ती."

ते अक्षरशः खरं आहे. पाणी तुटलं की ज्वारी पानं सुरळीसारखी गुंडाळून घेते, म्हणजे ऊन कमी लागतं. पानावरचा मेणासारखा पांढरट थर आतली ओल धरून ठेवतो. मुळं खोल गेलेली असतात. वाढ जवळजवळ बंद. पाऊस आला की पुन्हा सुरू. मक्याला हे इतकं जमत नाही.

पण अशा थांबलेल्या कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य साठतं. ते पानात एकीकडे आणि त्याला फोडणारं विकर दुसरीकडे असतं. जनावराने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं, थेट विष! गावात याला 'किराळ लागणं' म्हणतात.

त्याच आठवड्यात काकांची गाय दावं तोडून त्या रानात शिरली. थोड्याच वेळात धापा टाकायला लागली, तोंडाला फेस, पाय लटपटले आणि आडवीच झाली. घरात दुसरं दुभतं जनावर नाही. जनावरांचे डॉक्टर शेजारच्याच गावात होते म्हणून बरं. त्यांनी सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून दिलं, तेव्हा ती उठली. काकू त्या रात्री जेवल्या नाहीत.

फुलोऱ्यानंतर हे विष कमी होतं, नीट वाळलेल्या कडब्यातही धोका फारसा उरत नाही. जपायचं ते कोवळ्या पिकाला, पाण्याच्या ताणातल्या पिकाला आणि कापणीनंतर आलेल्या फुटव्यांना. तिथे जनावर सोडायचं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धुरिन न बनवणारी ज्वारी तयार केली आहे, असं मी काकांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत विचारलं, "मग कीड सोडंल का तिला?"