मागे बघ!

खेळ खेळायचा असतो, दुसरा खेळत असताना तासन् तास पाहायचा नसतो, असा आक्षेप मोबाइलवरील खेळांची थेट प्रक्षेपणे पाहणाऱ्या मुलांवर आमच्या धसईतही घेतला जातो. (२०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित गाव म्हणून ज्याचे कौतुक झाले, तीच ही धसई. यंत्राचे आम्हांला वावडे नाही!) मुरबाडला मराठी शिकवायला जाणाऱ्या आम्हां दोघांना हा आक्षेप गमतीचा वाटतो. कारण वर्षानुवर्षे आम्ही नाटक शिकवतो ते पुस्तकातून. आमच्या वर्गातल्या कित्येकांनी रंगमंच पाहिलेलाच नसतो. ही मुले मात्र प्रयोग पाहतात. त्यांच्या स्वस्तातल्या फोनवर खेळ अडखळतो, प्रक्षेपण चालते. म्हणून ती प्रेक्षक झाली.

सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने तिचा भारतीय अवतार आला. हिंसा, कर्कशपणा, आणि पैसे देणाऱ्याचे नाव मध्येच पुकारणारा खेळाडू हे सारे आम्हांला खटकते. तरी रचना पाहावी. शंभर माणसे रिकाम्या हातांनी एका बेटावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते, आणि लपून राहू पाहणाऱ्यालाही अखेर उघड्यावर यावेच लागते. स्थलैक्याचा नियम इथे नाटककार पाळत नाही, तो पात्रांवर हळूहळू लादला जातो. शेवटी भिंतीआड श्वास रोखून बसलेला एकजण उरतो, तेव्हा बडबड्या खेळाडूही गप्प होतो. ती शांतता आमच्या मते अस्सल नाट्य आहे.

याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी'. त्याच्याकडे आम्ही पक्षपाताने वळलो, हे सांगून टाकू. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधत निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा, राजस्थानी वास्तूंचे वैभव, निवेदन करायला खुद्द देवता! खेळ देखणा आहे, काही ठिकाणी फारच देखणा. पण दुसऱ्याने खेळलेला तो पाहताना आम्ही दोघेही अर्ध्यावर सैलावलो. पुढे काय होणार याची धाकधूक नव्हती. शेवटही तुटक वाटला. पौराणिक द्रव्य म्हणजे नाट्य नव्हे. हा प्रश्न आपण पौराणिक कादंबऱ्यांना तरी कितीदा विचारतो?

सभापर्वातले द्यूत आठवावे. आंधळा धृतराष्ट्र पुन्हापुन्हा एवढेच विचारतो : जिंकले का? त्याला निकाल हवा आहे. सभेतील इतरांना मात्र पुढचा पण दिसतो आहे आणि तो थांबवता येत नाही. त्या प्रसंगाचा ताण फाशांत नाही, पाहणाऱ्यांच्या या असहायतेत आहे.

आमच्या द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हेच अधिक नेमकेपणाने सांगितले. 'राजी'त कॅमेरा खेळणाऱ्याला फिरवता येत नाही. दृश्य रचनाकाराने आधीच बांधून दिलेले असते. ती म्हणाली, "सर, बीजीएमआय बघताना मी सारखी ओरडते, अरे मागं बघ, मागं बघ! त्याला ऐकू जात नाही, तरी ओरडते. राजी बघताना ओरडावंसं वाटलंच नाही. तिला मागं बघताच येत नाही ना!"