तीन खुणांचा स्क्रू

नारायण पेठ ज्यांच्या नावाची, त्या नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला. गारदी म्हणजे कवायती बंदूकवाले, पण त्या दिवशी चालल्या त्या तलवारी. हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला की नाही, यावर आमच्या पेठेत आजही तासभर वाद रंगतो. पण त्या गारद्यांच्या खांद्यावरची बंदूक कशी घडवत, असं विचाराल तर मोदी गणपतीपासून पत्र्या मारुतीपर्यंत सगळे गप्प. आणि कुठल्याही विषयावर गप्प बसण्याबद्दल नारायण पेठ काही प्रसिद्ध नाही.

मला थोडंफार कळलं ते पुराच्या कृपेने. आमच्या वाड्याच्या मालकांकडे एक ठासणीची बंदूक होती. मालक मूळचे राजापूरकडचे. बंदूक त्यांच्या आजोबांच्या वेळी तिकडून आली, परवान्यासकट. बैठकीच्या खोलीत दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे आणि दसऱ्याला पूजेपुरती खाली येई. आम्हा पोरांना हात लावायची बंदी. मग १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. पाणी कुठवर चढलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी हजारदा ऐकलंय, म्हणून ते सोडतो. चिखल उपसताना बंदूक हाती लागली. मदतीला आलेल्या मालकांच्या मेहुण्यांनी ती ताब्यात घेतली. ते कोकणातले, रानडुकरांपासून शेत राखणारे, त्यांना या कामाची सवय. ओट्यावर गोणपाट अंथरलं, रॉकेलची वाटी घेतली, आधी गज नळीत सोडून आत काही ठासलेलं नाही ना ते पाहिलं, आणि चाप उघडला.

चाप म्हणजे बंदुकीचं यंत्र. वीतभर लांबीची लोखंडी पट्टी. बाहेरच्या अंगाला घोडा, आतल्या अंगाला दुमडलेली जाड स्प्रिंग, तिच्याखाली एक धाकटी, आणि मध्ये सुपारीएवढा पोलादी तुकडा. त्याला दोन खाचा. पहिल्या खाचेत घोडा अर्धा उभा राहतो आणि कळ दाबली तरी पडत नाही. दुसऱ्या खाचेत पुरा चढतो. मेहुण्यांनी एकेक स्क्रू काढून गोणपाटावर ओळीने मांडला. प्रत्येकाच्या डोक्यावर कानशीने रेघा ओढलेल्या: एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. भोकांजवळही तशाच.

“हे कशाला हो, मामा?” मी विचारलं.

“अरे, सगळे आटे हातानं पाडलेले. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जात नाही. तीन खुणांचा तीन खुणांतच बसायचा.”

पट्टीच्या बाहेरच्या अंगाला दोन बुजवलेली भोकं होती. त्यांवर बोट फिरवत ते म्हणाले, ही मुळात चकमकीची, मागाहून केपाची केलेली. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गार असते. ती समोरच्या पोलादी पाकळीवर आपटते, ठिणग्या खालच्या प्याल्यातल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात, आणि नळीच्या कानातून आग आतल्या दारूला पोचते. पाकळी, तिची स्प्रिंग आणि प्याला काढून टाकले की राहतात ती भोकं. एकोणिसाव्या शतकात केप आली, म्हणजे दिवाळीतली आपली टिकली तांब्याच्या टोपीत बसवलेली. मग गारेची गरज उरली नाही. कुणा लोहाराने ती भोकं इतकी बेमालूम बुजवली होती की पुराच्या चिखलाने रंग बदलला नसता तर दिसलीही नसती.

आपल्याकडे चकमकीच्या आधीची तोडेदार बंदूक फार काळ टिकली, त्याला आपल्या लोकांचा मागासलेपणा म्हणायची एक पद्धत आहे. मला ते पटत नाही. तोडा म्हणजे धुमसती सुती दोरी. ती कुठेही वळून मिळते आणि गार चुकली तशी ती चुकत नाही. रात्री निखारा दिसतो आणि पावसात विझते, हे तिचं दुखणं. चकमकीला मात्र हवी खरी स्प्रिंग. पोलाद तापवून पाणी द्यायचं, मग हळूहळू पुन्हा तापवत निळ्या रंगावर आणून थांबायचं. रंग पुढे गेला तर स्प्रिंग मऊ पडते, अलीकडे राहिला तर ती काचेसारखी तुटते. हे डोळ्याचं काम. ज्या लोहाराला ते साधलं त्याच्याकडे चार गावांतून चाप येत.

हात आपल्याकडे नव्हते असं नाही. गोव्यातले बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचे आहेत, असं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली युरोपी धर्तीच्या चकमकी बंदुका तयार होत, त्याही दहा रुपयांना एक. सँग्स्टरचं नाव इतिहासात राहिलं. त्याच्या हाताखाली कानस चालवणाऱ्यांचं एकही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

नळीचं काम त्याहून अवघड. लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळायची, टाकणखार घालून वीतवीतभर तापवत डाग जोडत जायचं, मग आतून छेद साफ करायचा. नळी सरळ आहे का ते पाहायला कारागीर तिच्यातून उजेडाकडे बघे आणि आतल्या सावलीची कड कुठे मोडते ते पाहून हातोडीचा हलका घाव घाली. दस्ता सुताराचा. लाकडात नळी बसवताना तिला काजळ फासायचं, दाबून उचलायची, लाकडाला जिथे काळं लागलं तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा दाबायची. शेवटी नळी लाकडात अशी बसते की कागदही मध्ये जात नाही. शिवाय पितळी कड्या कासाराच्या, झिलई शिकलगाराची. अशी चार जातींची, चार आळ्यांची माणसं एका बंदुकीवर राबत.

हे सगळं थांबलं कधी? १८५७ नंतर हत्यारं काढून घेणं सुरू झालं. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि पुण्याच्या वेशीवर काडतुसं तयार होऊ लागली. काडतूस आलं की ठासणी संपली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलंसुरलं परवान्यात अडकवलं. त्या कायद्याविरुद्ध काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत ठराव झाले. पुढे टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाड वाडा घेतला, तो आमच्या पेठेतला केसरीवाडा झाला. तोवर बंदूक हा पुण्यात राजकारणाचा विषय झाला होता, कारागिरीचा राहिला नव्हता.

आज आमच्या वाड्याच्या जागी सहा मजली इमारत आहे, खाली पार्किंग. बंदूक मालकांच्या मुलांनी रीतसर जमा केली. पेठेत इतिहासाचं प्रेम मात्र वाढलंय, कमी झालेलं नाही. पोरं दर रविवारी गडावर जातात, मोडी शिकतात, दिवाळीत किल्ले करतात ते आमच्यापेक्षा सरस. शोभेच्या तलवारी-बंदुका घरोघरी भिंतीवर दिसतात; त्यांतल्या एकीचा घोडा मी ओढून पाहिला, तो पट्टीसकट एकजीव ओतलेला होता. हलतच नाही. म्हणजे बंदुकीचा आकार आपण ठेवला आणि नेमकं जे काम करत होतं ते काढून टाकलं.

तिकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन लोहारांनी घडवलेली लांब नळीची चकमकी रायफल आजही माणसं घरच्या कारखान्यात हाताने करतात. विल्यम्सबर्गला वॉलेस गस्लर या कारागिराने अठराव्या शतकातल्या हत्यारांनिशी अख्खी रायफल घडवली, त्यावर १९६९ मध्ये माहितीपट निघाला. नळीच्या आतले पिळाचे आटेसुद्धा लाकडी दंडगोलावर कोरलेल्या खोबणीच्या आधाराने, एकेक पातळ काप घेत पाडलेले. तो माहितीपट पाहताना मला स्वच्छ हेवा वाटला. आपल्याकडे घरी बंदूक घडवायला परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा; पेठेतल्या पार्किंगच्या भांडणांत चकमकीची भर नको. पण जुना चाप उघडून त्याची मापं घेणं, चित्र काढणं, स्प्रिंगचं पोलाद तपासणं, याला कुठला कायदा आड येतो? शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात बारूददाण्या आहेत, बंदुका आहेत. दिनकर केळकरांनी पै-पै खर्चून जमवलेल्या या वस्तूंपुढे लोक दोन मिनिटं थांबतात, नक्षीचं कौतुक करतात आणि पुढे जातात. यात त्यांची चूक म्हणावी तर नक्षी काचेतून दिसते, यंत्र दिसत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या कोकणातल्या किंवा देशावरच्या घरी जुनी ठासणीची बंदूक असेल, तर तिला ब्रासो आणि पॉलिश पेपर लावू नका; घासलं की कानशीच्या खुणा पहिल्यांदा जातात. घोडा गंमत म्हणून ओढून सोडू नका, जुनी स्प्रिंग एकदा तुटली की तशी करून देणारा मिळणार नाही. अशा बंदुका कित्येकदा आत भरलेल्याच राहिलेल्या असतात, तेव्हा जाणकाराला बोलावून गजाने नळी तपासून घ्या. परवान्याचे कागद नीट आहेत का ते पोलीस ठाण्यात विचारा. आणि द्यायचीच असेल तर संग्रहालयाला चापासकट, सगळ्या स्क्रूंसकट द्या, आणि देण्यापूर्वी आतल्या बाजूचे फोटो काढून घ्या.