यॉर्क शहरीं दोन दिवस

विलायतेंत शिकावयास राहिलेल्या विद्यार्थ्याचे आठवड्यांतील पांच दिवस कसेबसे निघून जातात. खरे जड जातात ते शनिवार आणि रविवार. ग्रंथालयांत मन लागत नाहीं आणि खोलींत स्वस्थ बसवत नाहीं. मार्च महिन्यांतील अशाच एका शनिवारीं आम्हीं लीड्सहून यॉर्कची गाडी धरली. अंतर सुमारें पंचवीस मैलांचें. अर्ध्या तासांत आगगाडी तेथें पोंचते.

शहर फार जुनें. इ. स. 71 च्या सुमारास रोमन लोकांनीं येथें छावणी घातली व तिला एबोराकम हें नांव दिलें. 306 सालीं कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्यानें बादशहा म्हणून पुकारलें तें याच गांवीं. 866 सालीं व्हायकिंग लोक चालून आले. पुढें त्यांचें राज्य गेलें, पण भाषा गेली नाहीं. येथील रस्त्यांच्या नांवांत जो 'गेट' शब्द येतो त्याचा अर्थ दरवाजा नव्हे. त्यांच्या भाषेंत तो रस्ता. वेशीला मात्र 'बार' म्हणतात. त्यामुळें 'अमुक गेट' शोधीत निघालेल्या नवख्यास दरवाजा सांपडत नाहीं, आणि 'बार' पाहून आंत शिरावें तर प्यावयास कांहीं मिळत नाहीं. आमच्याबरोबरचे नागपूरकर स्नेही या दुसऱ्या गोष्टीनें फार खट्टू झाले.

गांवाचा जुना तट अजून बराच शाबूत आहे. त्यावरून हिंडावयास मोकळीक असून पैसे पडत नाहींत. विद्यार्थ्याला हे दोन्ही गुण सारखेच प्रिय. मिकलगेट बारपाशीं आम्ही वर चढलों. 1460 सालच्या वेकफील्डच्या लढाईनंतर यॉर्कच्या ड्यूकचें मस्तक याच वेशीवर लटकाविलें होतें. आतां तेथें लोक आपलींच छायाचित्रें काढीत उभे असतात. शँबल्स नांवाची खाटकांची जुनी आळीही पाहिली. दोन्ही बाजूंचीं लाकडी घरें एकमेकांच्या कानांत कांहीं सांगावयास वांकल्यासारखीं दिसतात. पण गर्दी एवढी, कीं घरांपेक्षां माणसांच्या पाठीच अधिक पाहावयास मिळाल्या.

रविवारीं सकाळीं क्लिफर्ड्स टॉवरकडे गेलों. हिरव्या टेकडीवर चार पाकळ्यांच्या फुलासारखी ही दगडी गढी उभी आहे. ही इमारत तेराव्या शतकांतील; आमचें मन घोटाळत होतें तें तिच्या आधींच्या लाकडी गढीभोंवतीं, जी आतां नाहीं. 1190 सालच्या मार्चमध्यें यॉर्कमधील ज्यू कुटुंबें दंग्याला भिऊन तींत आश्रयास आलीं. बाहेर जमाव जमला. त्यांत क्रूसेडचें वारें अंगांत भरलेले लोक होते, तसेच ज्यू सावकारांचे ऋणको असलेले जमीनदारही होते. रिचर्ड मालबिस हें त्यांतलें एक नांव इतिहासानें टिपून ठेविलें आहे. 16 मार्चच्या रात्रीं, सुटका नाहीं असें दिसतांच, आंतील बहुतेकांनीं आपल्याच माणसांच्या हातून मरण पत्करलें, आणि गढी पेटली. जे उरले ते अभयाच्या वचनावर सकाळीं बाहेर आले. त्यांना तेथेंच कापून काढलें. सुमारें दीडशें जीव गेले. मग जमाव मिन्स्टर या मुख्य देवळाकडे वळला. तेथें ठेवलेलीं कर्जाचीं खतें काढून देवळांतच त्यांची होळी केली.

टेकडीच्या पायथ्याशीं 1978 सालीं बसविलेली स्मृतिशिला आहे. उतारावर डॅफोडिल फुललेले होते. सहा पाकळ्यांचीं हीं पिवळीं फुलें मुद्दाम लाविलेलीं आहेत, कारण ज्यूंचा तारा सहा टोकांचा.

खतें जाळल्याची गोष्ट आम्हां पुणेकरांना नवी नाहीं. 12 मे 1875 रोजीं आमच्याच जिल्ह्यांत सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून खतें ओढून काढलीं, आणि पाहतां पाहतां तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला. शाळेंत असतांना हा धडा आम्हीं कांहींशा अभिमानानें वाचला होता. तो अभिमान अगदींच अस्थानीं नव्हता: त्या दंग्यांत माणसांच्या जिवाला फारसा धक्का लागला नाहीं, राग मुख्यतः कागदावर निघाला. यॉर्कमध्यें कागदांआधीं माणसें जळलीं. परंतु टेकडीवर उभें राहून ही तुलना आम्हांला फार वेळ सुख देईना. कारण आम्ही स्वतः ऋणको आहों. आमच्या शिक्षणासाठीं वडिलांनीं राहतें घर बँकेकडे गहाण ठेविलें आहे. दर महिन्याला हप्त्याचा संदेश त्यांच्या मोबाइलवर येतो. तो वाचून ते थोडा वेळ गॅलरींत जाऊन उभे राहतात, असें आई सांगते. त्या खताला काडी लावावी असें आमच्या मनांत कधीं आलेंच नाहीं, असें नाहीं. तेव्हां मालबिसला राक्षस म्हणून मोकळें होणें आम्हांला जमलें नाहीं. काडी कागदाकडून माणसाकडे कोठें वळते, तेंच शोधीत राहिलों.

राजानें पुढें काय केलें तेंही पाहण्याजोगें आहे. 1194 सालीं नियम झाला, कीं ज्यूंच्या कर्जाच्या प्रत्येक खताची दुसरी प्रत सरकारच्या देखरेखीखालीं पेटींत राहावी. पुन्हां दंगा झाला तरी वसूल बुडूं नये! माणसांच्या दुसऱ्या प्रती निघत नसतात. 1290 सालीं तर एडवर्ड राजानें साऱ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर घालविलें.

दुपारीं मिन्स्टर पाहिलें. पूर्वेकडील प्रचंड खिडकी जॉन थॉर्नटन नांवाच्या कारागिरानें 1405 ते 1408 या तीन वर्षांत घडविली. करार 56 पौंडांचा. जगाची उत्पत्ति आणि जगाचा शेवट हे दोन्ही त्या रंगीत कांचांत आहेत. ऊन आलें तसे निळे-तांबडे तुकडे उजळूं लागले, आणि बडबडे नागपूरकरही पाव तास गप्प बसले.

परंतु 1190 मधलें देऊळ हें नव्हे. आधींच्या नॉर्मन देवळाचे पाये तळघरांत दिसतात. आम्ही खालीं उतरलों. कांचेपलीकडे जाड, ओबडधोबड दगड नीट दिवे लावून दाखविलेले आहेत. त्यांच्यावरच्या फरशीवर ती होळी पेटली होती. एक इंग्रज आजीबाई नातवाला रोमन शिपायांची गोष्ट सांगत होत्या. आम्ही दगडांवर काळा डाग दिसतो का तें उगीचच पाहत राहिलों, तों वरून स्नेह्यांची हांक आली. गाडीची वेळ झाली होती.