उतरविण्याची कला

ओझें वर चढविणें अवघड आणि खालीं सोडणें सोपें, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. उतरवितांना पृथ्वी मदत करते हें खरें. पण ही मदतनीस कधीं दमत नाहीं आणि थांब म्हटल्यानें थांबत नाहीं. कड्यावर जायबंदी झालेल्या मनुष्याला स्ट्रेचरवर बांधून दोरानें खालीं घेणाऱ्यांस याचा प्रत्यय पदोपदीं येतो.

रुग्ण, स्ट्रेचर व सोबतचा एक मनुष्य मिळून भार सुमारें २०० किलो धरतात. तो मुठींत राहावयाचा नाहीं. म्हणून दोर धातूभोंवतीं वळवून घ्यावयाचा. वेढे बेरजेनें वाढले कीं पकड गुणाकारानें वाढते, हें अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें दाखविलें. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर खांबाभोंवतींच्या एका वेढ्यानें हाताचें बळ सुमारें ५ पट होतें, दोहोंनीं २३ पट, तिहींनीं १११ पट. म्हणजे २०० किलोंस दोन किलोंची ओढ पुरते. विहिरीवर मेढीला दोर गुंडाळून जड वस्तू सोडणाऱ्या गांवकऱ्यास हें गणितावांचूनच ठाऊक असतें. मात्र घर्षण फुकट राबत नाहीं. एवढा भार १०० मीटर उतरविला, तर अर्धा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता दोरांत व धातूंत उतरते, आणि नायलॉन दोनशे अंशांच्या थोडें पुढें वितळूं लागतो. म्हणून घाई करावयाची नाहीं.

पूर्वीं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी साधी कडी वापरीत. तींत हात सुटला कीं भार सुटला. हल्लींच्या डिसेंडरला एक दांडा असतो. तो सोडतांच दोर आपोआप आवळला जातो. कांहींत तर दांडा प्रमाणाबाहेर ओढला तरीहि दोर अडतो. आम्हांस कौतुक वाटतें तें या दुसऱ्या युक्तीचें. हात सुटल्यास थांबावें, हें कोणाही कारागिरास सुचेल. पण घाबरलेला मनुष्य दांडा सोडीत नाहीं, उलट तो अधिकच घट्ट ओढतो, हें ओळखण्यास मनुष्यस्वभाव पाहिलेला असावा लागतो. अर्थात् दोर उलटा ओंवला तर ही सारी हुशारी व्यर्थ. म्हणून भार देण्यापूर्वीं हातानें ओढून पाहतात, आणि दुसरा दोर निराळ्या खुंटीवरून निराळ्या मनुष्याकडे देतात.

खंडाळ्याजवळ नागफणीवर आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचा सराव पाहावयास आम्ही गेलों होतों. स्ट्रेचर कांठाशीं नेल्यावर त्यांच्या नायकानें विचारलें, “आतां मीं शिट्टी वाजविली आणि सर्वांनीं हात सोडले, तर काय होईल?” मुख्य दोर थांबेल, असें सर्वांनीं सांगितलें. “आणि दुसरा?” तो एकानें नुसता साध्या कडींतून हातांत धरला होता. कोणी बोललें नाहीं. मग स्ट्रेचर मागें घेऊन त्या दोराची रचना पुन्हा करण्यांत वीस मिनिटें गेलीं, आणि रुग्ण झालेला धडधाकट मुलगा उन्हांत बांधलेल्या स्थितींत सर्वांना यथेच्छ शिव्या देत राहिला.